रुडॉल्फ आकरमन : एका चाकाची आणि एका नावाची गोष्ट

आमच्या घरची चूल गाड्यांच्या चाकांवर चालते. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या वडिलांची व्हील अलाइनमेंटची लहानशी शेड आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. त्यामुळे शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी तेथे बसून बिले लिहिणे आणि जीएसटीचा हिशेब ठेवणे हे काम ओघानेच माझ्याकडे आले. यंत्रातून जो आकड्यांचा कागद बाहेर पडतो तो बिलाला टाचावयाचा, एवढाच माझा त्या यंत्राशी संबंध.

शेडमधले खरे काम आमचे मिस्त्री करतात. त्यांची मातृभाषा कन्नड, बाबांची मराठी, आणि शेडची भाषा म्हणजे दोहोंची मिसळ. प्रत्येक गाडीचे काम संपत आले की मिस्त्री पुढच्या चाकांखालच्या फिरत्या तबकड्यांवर स्टिअरिंग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवतात, तबकड्यांवरचे अंश वाचतात आणि आकरमन ठीक आहे असे सांगून गाडी खाली घेतात. कित्येक महिने मी तो शब्द आक्रमण असाच ऐकत होते. गाडीच्या चाकावर कोण कशाला आक्रमण करील, हे मात्र मला उमगत नव्हते.

उलगडा झाला तो एका खाली बसवलेल्या गाडीमुळे. आमच्या ओळखीचा एक मुलगा आपली हॅचबॅक घेऊन आला. आखूड स्प्रिंगा घालून गाडी मूळच्या उंचीपेक्षा ४० मिलिमीटर खाली आणलेली, टायर रुंद, दिसायला मोठी झोकदार. हे काम त्याने दुसरीकडे करवून घेतले होते आणि स्प्रिंगा बसवल्यावर अलाइनमेंट न करताच गाडी त्याच्या हाती दिली गेली होती. काही महिन्यांतच पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा तारा दिसेपर्यंत झिजल्या. टायर खराब निघाले, अशी त्याची तक्रार होती.

मिस्त्रींनी गाडी मोजली. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दोन्हीकडे उणे २ अंश, म्हणजे चाकांचे माथे आत झुकलेले. टो, म्हणजे दोन्ही चाकांची पुढून व मागून मोजलेल्या अंतरातली तफावत, तब्बल ५ मिलिमीटर बाहेर. गाडीची उंची कमी केली की खालच्या आर्मचा कोन बदलतो आणि चाक वरून आत झुकते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचाही कोन बदलतो, त्यामुळे टो बिघडतो. नुसत्या कॅम्बरने टायर हळूहळू झिजतो. परंतु बिघडलेला टो त्याला रस्त्यावर सतत तिरपा घासत नेतो. दोन्ही एकत्र आले की आतली कड वाचत नाही.

मग मिस्त्रींनी आधी हवा पाहिली, बॉल जॉइंटचा खेळ पाहिला, गाडी दोन-चारदा दाबून स्प्रिंगा बसू दिल्या. मागची चाके त्या गाडीत बदलता येत नाहीत, म्हणून ती फक्त मोजली. पुढचा कॅस्टर दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाच्या आत जुळतो की नाही ते पाहिले. मग कॅम्बरचा बोल्ट फिरवून कॅम्बर सुमारे उणे सव्वा अंशावर आणला आणि सर्वांत शेवटी टो १ मिलिमीटर आत ठेवला. टो शेवटी का, तर कॅम्बर हलवला की टोही हलतो. आधी टो केला तर ते काम पुन्हा करावे लागते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या, पण वळणावर चपळ हवी अशा गाडीला एवढे पुरे, असे मिस्त्रींचे मत पडले.

आणि मग ते आकरमन. आतले चाक २० अंश वळले तेव्हा बाहेरचे जेमतेम १८ अंश वळले होते. मी त्यांना फरक दुरुस्त करावयास सांगितले, तेव्हा मिस्त्री हसले. तो फरक हवाच असतो. कॅम्बर आणि टो आपण पान्याने बदलू शकतो. आकरमन मात्र स्टिअरिंग आर्मच्या घडणीतच असते, ते कारखान्यातच ठरते. ते चुकलेले निघाले तर बहुधा आर्म कुठेतरी धडकून वाकला आहे असे समजावे. एवढे सांगून ते पुढच्या गाडीकडे वळले. हे आकरमन कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि बाबांनाही नव्हते. म्हणून मी ग्रंथालयाचा रस्ता धरला. जे हाती लागले ते वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुडॉल्फ आकरमन हा जर्मनीतील सॅक्सनी प्रांताचा. त्याचा जन्म २० एप्रिल १७६४ रोजी झाला. वडील जीनगर, म्हणजे घोड्यांचे खोगीर व सामान करणारे. मुलगा शाळेत हुशार होता. त्याला विद्यापीठात जावयाचे होते. परंतु घरी तेवढा पैसा नव्हता. तेव्हा वडिलांच्याच दुकानात तो चामडे कापू लागला. पुढे त्याने घोडागाड्यांचे नकाशे काढण्याचे शिक्षण घेतले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे गावोगाव फिरून कसब वाढवले. ड्रेस्डेन, बाझेल, पॅरिस असे करीत तो विशीतच लंडनला पोहोचला. तेथील लाँग ॲकर ही गाडी बांधणाऱ्यांची पेठ. गाडीचा साटा कोणी करावयाचा, चाके कोणी, रंग कोणी, हे सारे तेथे ठरलेले. आकरमनच्या हाती हत्यार नव्हते, पेन्सिल होती. बड्या लोकांच्या बग्ग्यांचे नकाशे तो काढी आणि त्या नकाशांची पुस्तके छापी.

लवकरच त्याच्या ध्यानात आले की गाडीपेक्षा गाडीचे चित्र अधिक लोकांना विकता येते. १७९५ साली त्याने स्ट्रँड या हमरस्त्यावर चित्रांचे दुकान आणि चित्रकलेची शाळा काढली. पुढे १०१ क्रमांकाच्या मोठ्या जागेत ते दुकान लंडनमधील कलारसिकांचा अड्डाच बनले. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर तेथून पळून आलेले सरदार आणि पाद्री लंडनमध्ये पोटासाठी वणवण करीत होते. त्यांना त्याने पडदे, पेट्या, शोभेच्या वस्तू रंगवण्याचे काम दिले. १८०१ साली कापड व कागद यांत पाणी मुरू नये अशा प्रक्रियेचे पेटंट त्याने घेतले आणि त्यासाठी कारखाना घातला. ट्रफाल्गरच्या लढाईत पडलेल्या नेल्सनची अंत्ययात्रा जानेवारी १८०६ मध्ये निघाली. त्या वेळच्या शवरथाच्या कामीही या जीनगराच्या मुलाला बोलावणे आले.

१८०८ ते १८१० या काळात त्याने लंडन शहराचे दर्शन घडवणारा तीन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात १०४ रंगीत चित्रे होती. माणसे रोलँडसनने काढावयाची आणि इमारती प्यूजिनने, अशी वाटणी. १८०९ ते १८२९ अशी वीस वर्षे त्याने कला, साहित्य, व्यापार व पोशाख यांना वाहिलेले मासिक चालवले. त्याच्या आरंभीच्या अंकांत नव्या कापडांचे खरेखुरे तुकडे चिकटवलेले असत. जाहिरातीचे तंत्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८२२ साली त्याने नाताळात भेट द्यावयाचा वार्षिक अंक काढला. कविता, कथा, चित्रे आणि देखणी बांधणी. आपल्या दिवाळी अंकांचा हा दूरचा भाऊच म्हणावयाचा.

माणूस मात्र नुसता नफ्यामागे धावणारा नव्हता. ऑक्टोबर १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धची मोठी लढाई लाइप्झिगजवळ झाली आणि आकरमनचा मूळ प्रांत बेचिराख झाला. लंडनमध्ये बसून त्याने मदतफंड उभारण्याच्या कामाला स्वतःस जुंपून घेतले. पत्रव्यवहार, पैशाचे वाटप, हिशेब, सारे त्याने सांभाळले. ज्या गावात शिकावयास पैसा मिळाला नाही, त्या मुलखाला त्याने असा पैसा पोहोचवला.

आता चाकाकडे वळू. त्या काळच्या चारचाकी बग्गीचा पुढचा आस मधोमध एका खिळ्यावर बसवलेला असे. वळताना चाकांसकट सबंध आसच फिरे. आपली बैलगाडी आणि टांगा दोन चाकांचे, म्हणून त्यांना ही अडचण नाही. परंतु चार चाके आली की पंचाईत सुरू होते. जत्रेतला रथ वळताना पाहिला असेल तर हे चटकन कळेल. त्याची चाके वळतच नाहीत. लाकडी पाचरी घालून, माणसांच्या बळावर तो घासत वळवावा लागतो. बग्गीचा आस फिरे खरा, परंतु तीव्र वळणावर पुढचे चाक गाडीच्या पोटाखाली येई. मग चाक लहान करा, नाहीतर गाडीचे पोट उंच ठेवा. उंच गाडी, त्यात वळणावर पुढच्या चाकांचा आधार सरकलेला; गाड्या उलटत त्या याच कारणाने.

म्यूनिकचा राजदरबारी गाडीकार गेऑर्ग लांकेनस्पर्गर याने १८१६ साली यावर उपाय काढला. आस जागच्या जागी राहू द्यावा आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या खुंटीवर स्वतंत्र वळावीत. दोहोंना जोडणारा दांडा असा असावा की आतले चाक जास्त वळेल आणि बाहेरचे कमी. कारण उघड आहे. गाडी वळते तेव्हा चारही चाके एकाच मध्यबिंदूभोवती फिरतात. आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर असलेली गाडी ५ मीटर त्रिज्येने वळली, तर आतले चाक सुमारे २९ अंश आणि बाहेरचे सुमारे २३ अंश वळावे लागते. दोन्ही सारखी वळवली तर एकाला घासतच जावे लागेल.

या युक्तीने पुढचे चाक पोटाखाली येणे थांबले. म्हणजे चाक मोठे करता येते आणि गाडी खाली बसवता येते! गाडी खाली आणण्याची हौस आजच्या पोरांचीच नव्हे, हे वाचून मला मौज वाटली. फरक एवढाच की लांकेनस्पर्गरने आधी चाकांची व्यवस्था लावली आणि मग गाडी खाली घेतली. आमच्या ओळखीच्या मुलाने नेमके उलटे केले.

आकरमनचे म्यूनिककडे आधीपासून लक्ष होते. दगडावरून छपाई करण्याची, म्हणजे शिळाछापाची कला तेथील सेनेफेल्डरने शोधली होती. आकरमनने लंडनमध्ये त्या छपाईचा प्रसार केला आणि १८१९ मध्ये सेनेफेल्डरच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. लांकेनस्पर्गरच्या आसाचे इंग्लंडमधील पेटंटही त्याने जानेवारी १८१८ मध्ये त्याचा प्रतिनिधी म्हणून घेतले. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे परदेशातील नवी कल्पना प्रथम देशात आणणाऱ्यालाही पेटंट मिळू शकत असे आणि त्याची मुदत १४ वर्षांची असे. पुढल्याच वर्षी त्याने या फिरत्या आसाचे गुण सांगणारी पुस्तिका छापली. परंतु लंडनचे गाडीकार बधले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत सोडून नवे सांधे, नवे दांडे कोण करीत बसणार? थोड्याच गाड्यांना तो आस लागला. १८३२ साली पेटंटची मुदत संपली, तेव्हा या व्यवहारात आकरमनच्या पदरी फारसे काही पडले होते असे म्हणवत नाही.

त्याचे बाकीचे उद्योग चालूच होते. दक्षिण अमेरिकेतील व मेक्सिकोतील नव्या स्वतंत्र देशांसाठी त्याने स्पॅनिश पुस्तके छापून तिकडे पाठवली. अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने त्याला अंथरुणास खिळवले. ३० मार्च १८३४ रोजी तो वारला. लंडनमधील ज्या स्ट्रँडवर त्याने दुकान थाटले, तेथल्याच सेंट क्लेमेंट डेन्स या चर्चमध्ये त्याला मूठमाती मिळाली.

आसाला दिवस आले ते त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. १८७३ साली फ्रान्समधील आमेदे बोले याने आपल्या वाफेच्या गाडीला अशी स्वतंत्र वळणारी चाके बसवली. १८७८ च्या सुमारास पॅरिसच्या जाँतो या गाडीकाराने स्टिअरिंग आर्मच्या रेषा मागे वाढवल्यास त्या मागच्या आसाच्या मध्याशी मिळाव्यात असा आडाखा बसवला. कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तीन चाकांची होती, कारण चार चाके मनाजोगी वळवण्याचा प्रश्न त्याला सुटला नव्हता. १८९३ साली तो सुटला आणि त्याची चारचाकी रस्त्यावर आली. आज शर्यतीच्या काही गाड्यांत हा फरक मुद्दाम कमी ठेवतात, कारण भरधाव वळणात सारा भार बाहेरच्या टायरवर येतो. परंतु रोजच्या रस्त्यावरची मोटार आजही बहुतेक त्याच नियमाने वळते. आणि त्या नियमाला जगभर नाव आहे आकरमनचे.

आणखी मागे गेले तर गोष्ट अधिकच गुंतते. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे इंग्लंडमधील वैद्य. रोग्यांकडे जाताना खड्ड्यांतून गाडी उलटण्याचा अनुभव त्यांना नित्याचा. त्यांनी १७५८-५९ च्या सुमारासच अशी युक्ती काढली होती. परंतु यंत्रांच्या नादी लागलेला वैद्य म्हणून आपले नाव जाईल या धास्तीने ते आपल्या शोधांचे पेटंट घेत नसत. म्हणजे एकाने नाव जाईल म्हणून शोध लपवला, दुसऱ्याने शोध लावून नाव गमावले आणि तिसऱ्याचे नाव न मागता राहिले.

आकरमनने लांकेनस्पर्गरला लुबाडले, असा निकाल देण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु हिशेबाच्या वहीप्रमाणे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. पेटंटचा खर्च त्याने केला, पुस्तिका त्याने छापली, गाडीकारांचा विरोध त्याने सोसला. सेनेफेल्डरच्या बाबतीतही तो असाच मध्यस्थ होता. तरीही शिळाछापाचे श्रेय सेनेफेल्डरकडेच राहिले, कारण पुस्तकावर लेखकाचे नाव छापावेच लागते. आसाच्या पेटंटावर मात्र ज्याने अर्ज केला त्याचे नाव पडले आणि लोकांनी तेच उचलले. दोष माणसात होता त्याहून अधिक कागदाच्या नमुन्यात होता. आपल्याकडील १९७० च्या पेटंट कायद्यात शोधकाचे नाव स्वतंत्रपणे नमूद करण्याची तरतूद आहे, पेटंट कोणाच्याही मालकीचे असो. वर्गात हे कलम मी पाठ केले होते; त्याचा अर्थ मला शेडमध्ये कळला.

कारण आमच्या शेडच्या कागदावरही वर बाबांचेच नाव आहे. मी बाबांना सांगून पाहिले की खाली काम करणाऱ्याचे नाव घालावे. बाबांना ते रुचले नाही. यंत्राचे हप्ते ते भरतात, तक्रार आली तर गिऱ्हाईक त्यांनाच गाठते; आणि नाव छापले की उद्या गिऱ्हाईक मिस्त्रींच्या मागे दुसऱ्या शेडमध्ये जाईल. यात खोटे काही नव्हते. आकरमनने तरी दुसरे काय सांगितले असते? मी मिस्त्रींना विचारले तर ते संकोचले आणि लिहायचेच असेल तर कन्नडमध्येही लिही, म्हणजे घरी मुलाला दाखवता येईल, एवढेच बोलून पान्याकडे वळले.

छापील नमुना बदलणे माझ्या हाती नाही. बिले लिहिणे आहे. त्या रविवारपासून प्रत्येक बिलाच्या तळाशी मी पेनाने मिस्त्रींचे नाव लिहिते, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. खाली बसवलेल्या गाडीचा मुलगा महिन्याभराने टायर दाखवावयास आला, तेव्हा झीज सारखी होती. त्याने आत येऊन मिस्त्रींना नावाने हाक मारली. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, बिलांचा गठ्ठा चाळला आणि काही न बोलता पुढच्या गाडीचा नंबर मला लिहावयास सांगितला.